पहिली मूठ

नाताळच्या दिवशी ख्रिस्ती घरांत देवाला अग्रस्थान असते, यात संशय नाही. मध्यरात्रीची उपासना होते, गव्हाणीचा देखावा सजतो, शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट जाते. प्रश्न उरतो तो सव्वीस डिसेंबरचा. सकाळची धांदल, दुकानातला तराजू, भावाशी चाललेला बांधाचा तंटा, यांत देवाचा क्रमांक कितवा?

मिझोरममधील ख्रिस्ती घरांत या प्रश्नाला एक साधे उत्तर मिळते. तेथील गृहिणी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ देवकार्यासाठी बाजूला काढते. साठलेला तांदूळ चर्चकडे जातो व त्याच्या विक्रीतून धर्मकार्याला हातभार लागतो. ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, या नावाची ही प्रथा १९१० च्या सुमारास सुरू झाली. तिला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

त्या मुठीचे मोल तिच्या आकारात नाही. ते तिच्या वेळेत आहे. पंगत उठल्यावर उरलेले देणे निराळे आणि चूल पेटण्यापूर्वी काढून ठेवणे निराळे. पहिली मूठ काढताना घरच्यांचा घास थोडा उणा होतो, हे ठाऊक असूनही तो हात मागे येत नाही. आपण मात्र दिवसाचे उरलेले चार क्षण आणि महिन्याची उरलेली मोड देवापुढे ठेवतो.

तथापि, मूठ काढली की कर्तव्य संपले, असेही नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात ‘प्रथम’ या अर्थाचा शब्द तीनदा येतो. अन्नवस्त्राच्या चिंतेआधी देवाच्या राज्याचा ध्यास धरावा, असे येशू सांगतो. पण त्याच प्रवचनात तो असेही बजावतो की, वेदीपाशी आल्यावर भाऊ दुखावल्याची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आणि दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाकडे वळण्याआधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढावे. देवाला पहिले स्थान म्हणजे माणसाला दुय्यम स्थान, हा अर्थ येथे टिकत नाही. आईबापांच्या पोषणाचे धन ‘देवार्पण’ म्हणून अडवणाऱ्यांना त्याने खडसावल्याचे मार्कने नोंदविले आहेच. वेदीची वाट भावाच्या दारावरून जाते.

बेथलेहेमात उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळ येशूला गव्हाणीत निजवावे लागले. त्याने उरलेली जागा स्वीकारली, ही त्याची कृपा. आपण त्याला सदैव उरलेलेच द्यावे, ही आपली कृपणता. सणाची रोषणाई उतरेल, तारे माळ्यावर जातील. त्या सकाळी कामाला लागण्यापूर्वी बांधापलीकडच्या भावाला आपण हाक मारली, तर देवाची पहिली मूठ निघाली असे समजावे.