खतावणी बदलताना

आपल्या व्यापारी बांधवांत सध्या हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलण्याची घाई दिसते. कोणी टॅली ईआरपी ९ वरून २०२० साली आलेल्या टॅलीप्राइमवर जातो, कोणी सूत, सायझिंग, गोदाम सगळे एकत्र सांभाळणारा मोठा प्रोग्राम घेतो. आमचा त्याला विरोध नाही. पण "शेठ, जुना डेटा एका रात्रीत येईल" या विकणाऱ्याच्या शब्दावर आमचा विश्वास उरलेला नाही.

एका बुजुर्ग यंत्रमाग मालकांना आम्ही ग्रे कापडाचे ३८,४०० रुपये देणे होतो. नव्या प्रोग्रामात तीच रक्कम त्यांच्याकडून येणे म्हणून उतरली. आमच्या मुलाने यादी बघून त्यांना वसुलीचा फोन केला. दुसऱ्या दिवशी असरनंतर ते दुकानात आले, खिशातून लहानशी डायरी काढली आणि काही न बोलता आमच्यासमोर ठेवली. पन्नाशी ओलांडल्यावर अशी शरम वाट्याला आली.

झाले होते असे, की हे बुजुर्ग आमच्याकडून सूतही नेतात, म्हणून त्यांचे खाते गिऱ्हाइकांच्या गटात होते. डेटा आणणाऱ्याने एक्सेलमधली फक्त रक्कम उचलली. जमा की नावे हा रकाना राहून गेला. गिऱ्हाईक म्हणजे येणे, असे प्रोग्रामने धरले. तेरीज ७६,८०० रुपयांनी जुळेना. हा फरक पडद्यावर दिसतही होता! ऑपरेटरने तो सस्पेन्स खात्यात टाकला आणि काम संपवले. जुने मेहता अशा वेळी फरकाला दोनने भागत आणि तेवढ्या रकमेचे खाते शोधत. भागले असते तर ३८,४०० तिथल्या तिथे सापडले असते.

नावांची चूक याहून वाईट, कारण तिथे तेरीज बरोबर जुळते. अब्दुल रहमान, अब्दुर्रहमान, ए. रहमान असा एकच माणूस तीन खात्यांत जातो. उलट भिवंडीचा आणि मालेगावचा, एकाच नावाचे दोघे एका खात्यात येतात. म्हणून खाते नावावर नव्हे, जीएसटी नंबरावर जुळवावे. नोंदणी नसेल तर मोबाइल नंबरावर.

एक्सेलही गुपचूप खोड्या करतो. बँक खात्याचा १६ आकडी नंबर संख्या म्हणून उघडला की शेवटचा आकडा शून्य होतो, सुरुवातीचे शून्य असेल तर तेही गळते. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्यावा. तारखेचे तसेच: ४ मेचे बिल ५ एप्रिलचे होऊन बसते. २००६ च्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. तारीखच खोटी असेल तर दिवस कुठून मोजणार?

मालाचे एकक तर जरूर पाहावे. २४० ताके नव्या प्रोग्रामात २४० मीटर म्हणून उतरले, तर गोदाम कागदावर जवळपास रिकामे होते. रमजानमध्ये त्याच कागदावरून जकात काढली तर गरिबाचा हक्क बुडतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हे सांगणारी आयत दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आहे. लिहिलेले मशीनने बदलले तर जबाबदारी मशीनची नसते.

आता आम्ही १ एप्रिललाच बदल करतो, महिनाभर दोन्ही प्रोग्राम चालवतो आणि प्रत्येक पार्टीला शिलकेची चिठ्ठी पाठवून सही घेतो. ज्यांना मराठी येत नाही त्यांना उर्दूत. जुना कॉम्प्युटर भंगारात देत नाही. जीएसटी कायद्याने वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवावाच लागतो.

त्या बुजुर्गांचा चेक आम्ही त्याच संध्याकाळी लिहिला. त्यांनी तो घेतला, आणि डायरीत आमची सही करून घेतली.