आकडा लढणाऱ्याला दाखवा

गेले काही महिने टपालात एकच तक्रार येते आहे: एमएमएने आमची पोरं नेली. कुणाचा लाइट-वेल्टरचा मुलगा ग्लोव्ह्ज बदलून केजमध्ये गेला, कुणाच्या तालमीतला मल्ल माती सोडून ग्रॅपलिंगला लागला. आता पुरावा म्हणून यूएफसी आणि पॅरामाउंटच्या कराराची कात्रणं सोबत जोडलेली असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेला हा सात वर्षांचा, ७.७ अब्ज डॉलरचा करार. त्यानुसार २०२६ पासून अमेरिकेत यूएफसीचे मोठे कार्ड पे-पर-व्ह्यूचे (पीपीव्ही) वेगळे पैसे न मोजता, नेहमीच्या वर्गणीतच दिसतात. यावरून आपले प्रशिक्षक निष्कर्ष काढतात की पीपीव्हीच्या बाजारात बॉक्सिंग हरलं.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो काढून लोक गप्प बसतात याचा आम्हाला राग येतो.

आकडे आठवा. २००७ मध्ये डे ला होया आणि मेवेदर यांची लढत सुमारे २४ लाख घरांनी विकत घेतली. दोन वर्षांनी यूएफसी १०० सोळा लाखांवर गेली आणि बॉक्सिंगच्या प्रवर्तकांना घाम फुटला. २०१५ मध्ये मेवेदर-पॅकियाओ ४६ लाख, तेही जवळजवळ १०० डॉलर दराने. २०१७ मध्ये मेवेदरसमोर यूएफसीचा मॅकग्रेगर उभा राहिला आणि ४३ लाख खरेद्या झाल्या. पुढच्याच वर्षी खबीब-मॅकग्रेगर २४ लाख. गिऱ्हाईक बहुतेक तेच, खिसाही तोच. दोन्ही खेळ दर चढवत गेले आणि मधल्या दर्जाच्या लढती फुकट बघण्याच्या वाटा प्रेक्षकाने शोधल्या. एचबीओने २०१८ अखेर बॉक्सिंग सोडलं, शोटाइमने २०२३ अखेर. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनेलो-क्रॉफर्ड ही त्या वर्षातली सगळ्यात मोठी लढत नेटफ्लिक्सवर जादा पैशाशिवाय झाली, आणि तिच्या प्रवर्तकांमध्ये यूएफसीचे डेना व्हाइट स्वतः होते. दोन्ही दुकानांच्या गल्ल्यावर आता तीच माणसं बसली आहेत. मग बॉक्सिंग विरुद्ध एमएमए या भांडणात आपण अजून कुणाची बाजू घेतो आहोत?

खरा प्रश्न पैशाच्या वाटणीचा आहे, आणि त्याबद्दल एकाही पत्रात एक ओळ नाही.

२०१३ मध्ये फायटर एडी अल्व्हारेझ आणि त्याची आधीची एमएमए संस्था बेलाटर यांचा वाद न्यायालयात गेला तेव्हा यूएफसीने त्याला देऊ केलेला करार उघड झाला. लढायला उतरण्याचे ७० हजार डॉलर, जिंकल्यास आणखी ७० हजार. त्याखाली पीपीव्हीचं कलम होतं. पहिल्या दोन लाख खरेद्यांवर काही नाही; दोन ते चार लाखांच्या दरम्यान प्रत्येक खरेदीमागे १ डॉलर, चार ते सहा लाखांच्या दरम्यान २ डॉलर, त्यापुढे अडीच डॉलर. मांडून बघा. पाच लाख खरेद्या झाल्या तर या एका कलमाचे चार लाख डॉलर होतात, म्हणजे मूळ मानधनाच्या जवळजवळ सहापट. फायटरची खरी कमाई या कलमात होती. आता खरेदीच नाही, तर हे कलम कशावर मोजायचं? वर्गणीदार लढत बघायला आला की मालिका बघायला, हे फक्त कंपनीला माहीत असतं.

मुष्टियोद्ध्याच्या हातात अजून एक हत्यार आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या मुहम्मद अली कायद्याने प्रवर्तकाला त्या लढतीतून मिळणारी रक्कम मुष्टियोद्ध्याला सांगणं बंधनकारक केलं. एमएमएला हा कायदा लागू नाही. तो लागू व्हावा म्हणून मार्कवेन मलिन या माजी फायटर खासदाराने २०१६ मध्ये विधेयक आणलं, ते पुढे सरकलं नाही. त्याची किंमत किती, हे कुंग ली आणि इतर फायटरांनी यूएफसीविरुद्ध भरलेल्या खटल्यात दिसलं. फायटरांचा वाटा उत्पन्नाच्या जेमतेम पाचव्या भागाइतका होता, असं त्यांच्या बाजूने मांडलं गेलं. २०१४ मध्ये सुरू झालेला दावा २०२५ मध्ये ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. दहा वर्षांहून जास्त! तोवर त्यातले कित्येक जण निवृत्त झाले होते.

आणि आता उलटा प्रवास सुरू आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये अली कायदा बदलणारं विधेयक आलं. त्यात रँकिंग, किताब आणि प्रवर्तन एकाच छताखाली आणणाऱ्या नव्या संस्थांना वाट दिली आहे. प्रत्येक राउंडमागे किमान मानधन, विमा अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत, त्या आम्ही नाकारत नाही. पण या संस्थांसाठी उत्पन्न उघड करण्याचं बंधन सैल होईल, हा विरोधकांचा आक्षेप आम्हाला पूर्ण पटतो. एमएमएच्या फायटराला बॉक्सरचा हक्क मिळायला हवा होता. इथे बॉक्सरचा हक्कच काढून घेण्याची तयारी चालली आहे.

आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्ती लागते तेव्हा इनामाचा आकडा लाउडस्पीकरवर पुकारतात. शड्डू ठोकण्याआधी मल्लाला, वस्तादाला आणि कडेला बसलेल्या शेवटच्या माणसालाही तो माहीत असतो. त्याच तालमीतून निघालेला मुलगा केजमध्ये जातो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. भारत खांडारेने २०१७ मध्ये शांघायमध्ये यूएफसीत पाऊल टाकलं, त्याच वर्षी वरळीत मुष्टियोद्धा विजेंदर सिंगची व्यावसायिक लढत झाली. तेव्हापासून आपली मुलं या दोन्ही वाटांनी जात आहेत. मग प्रशिक्षकांनी करार वाचायला शिकायला नको का?

गेल्या महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाचकाने आपल्या विद्यार्थ्याच्या कराराचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवले. सगळा करार इंग्रजीत. प्रक्षेपणाचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर आणि कायमचे प्रवर्तकाकडे. मुदत लढतींच्या संख्येवर, आणि लढत ठरवायची प्रवर्तकाने, म्हणजे त्याने लढत दिलीच नाही तर मुलगा अडकून पडणार. प्रक्षेपणातून येणाऱ्या पैशाबद्दल त्यात शब्द नाही. मुलाला प्रत दिलेली नव्हती. सही करताना मित्राने चोरून फोटो काढले म्हणून आपल्याला कळलं. ज्या संघटनेकडे दाद मागितली तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, व्यावसायिक लढती आमच्या कक्षेत येत नाहीत. पण हाच मुलगा व्यावसायिक झाला म्हणून त्याला राज्य स्पर्धेतून वगळायला तीच कक्षा पुरली.

संघटनेची वाट बघू नका. वकील बघून देईपर्यंत सही नाही, हे मुलाला आणि त्याच्या घरच्यांना आजच सांगा. प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. मुदत महिन्यांत लिहून घ्या. आणि एक कलम प्रत्येक मसुद्यात मागा: या लढतीच्या प्रक्षेपणातून, प्रायोजकांकडून आणि तिकिटांतून आलेल्या रकमेचा लेखी हिशेब ठरावीक दिवसांत लढणाऱ्याला द्यावा. प्रवर्तक नाही म्हणेल. एकट्याला नाहीच म्हणेल. म्हणून बॉक्सिंग आणि एमएमए अशा दोन्ही क्लबांनी ही मागणी एकत्र करायची आहे, आणि त्यासाठी ते जुनं भांडण या महिन्यात मिटवायचं आहे.

तुमच्याकडे असलेले करार आम्हाला पाठवा. नाव, क्लब आणि प्रवर्तकाचं नाव झाकून पाठवा, पानं मात्र सगळी हवीत, शेवटची बारीक अक्षरांतलीसुद्धा. पुढच्या अंकात आम्ही ते वकिलांकडून तपासून कलमवार छापणार आहोत. सही होऊन गेलेले करारही चालतील, कारण त्याच प्रवर्तकाकडे उद्या दुसरा कुणाचा तरी मुलगा जाणार आहे.