जांघेतले दुखणे आणि खाडा

दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. बरीच दक्षिण गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. दिवसभर हेच. काही आठवड्यांनी एखाद्याची जांघ दुखू लागते. मार लागलेला नसतो, म्हणून ती 'अंगदुखी' ठरते आणि इंजेक्शन घेऊन काम चालू राहते.

हे मांडीच्या हाडाच्या मानेचे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकते. हाड सतत झिजते आणि भरून निघते. भार एकदम वाढला की झीज पुढे जाते, भरणी मागे पडते आणि बारीक भेग पडते. अपुरे खाणे, ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर लवकरच. सैन्यातल्या नव्या जवानांत आणि धावपटूंत डॉक्टर हे दुखणे शोधतात. मजुराच्या बाबतीत ते सहसा मनातही येत नाही.

चालताना दुखते, बसल्यावर थांबते; कधी कळ फक्त गुडघ्यात जाणवते. सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये भेग दिसते. आपल्याकडे त्यात सिकलसेलचा पेच आहे. त्या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि दुखते तिथेच. पण सिकलसेलचा वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. नुसता रिपोर्ट पाहून पुढची तपासणी थांबवणे मला मान्य नाही. निदान होईपर्यंत त्या पायावर भार नको, कुबड्या द्याव्यात.

मानेच्या खालच्या बाजूची लहान भेग काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरते. वरच्या बाजूची सरकू शकते, तिला बहुधा स्क्रू लागतात. सरकलीच तर गोळा मरण्याचा धोका असतो, आणि ऐन तिशीत खुबा बदलायची वेळ येऊ शकते.

विश्रांती चिठ्ठीवर लिहिणे सोपे असते. उचल आधीच घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण बसला की खाडा धरून पैसे कापले जातात. मग लंगडत का होईना, माणूस फडात जातो. म्हणून डॉक्टरांनी 'हाडाला भेग, भार बंद' असे मुदतीसह स्पष्ट लिहून द्यावे, आणि त्या दिवसांचा खाडा धरायचा नाही हे कारखान्यांनी हंगामाआधीच मुकादमांना लेखी कळवावे. आजवर हा खर्च मजुराच्याच अंगावर पडत आला आहे.