निकेलला संरक्षण, माणसाला मरण!

पृथ्वी तापवणाऱ्या मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंपासून हायड्रोजन इंधन काढण्याच्या तंत्राची सध्या चर्चा आहे. एरवी या क्रियेला ७०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते आणि निकेलच्या उत्प्रेरकावर काजळी साचते. प्लाझ्मा तंत्रात विजेने वायूतील इलेक्ट्रॉन तापतात, वायू मात्र तुलनेने थंड राहतो. जोडीला उत्प्रेरक असला की कमी उष्णतेतही काम होते.

हे दोन्ही वायू एकत्र कोठे सापडतात? कचऱ्याच्या डेपोत आणि मैल्याच्या टाकीत! डेपोच्या वायूत साधारण निम्मा मिथेन, तर उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. तेथे कचरा वेचून पोट भरणारे कोण? जानेवारी २०१६ च्या आगीचा धूर आधी कोणाच्या छातीत गेला? गटारात गुदमरून मरणारे कोण? याची उत्तरे आपल्या वस्त्यांना ठाऊक आहेत.

गटाराच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो माणसाला मारतो आणि निकेलचा उत्प्रेरकही निकामी करतो. म्हणून कारखान्यात उत्प्रेरकापर्यंत वायू नेण्याआधी त्यातील गंधक काढून टाकतात. धातूची एवढी काळजी! माणूस मात्र कमरेला दोरी बांधून तसाच खाली सोडला जातो. २०१३ चा बंदी कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने गटारबळींच्या वारसांसाठी २०१४ साली १० लाख, तर २०२३ साली बलराम सिंह प्रकरणात ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई वाढली, मरण थांबले नाही.

आपला विरोध तंत्रज्ञानाला नाही. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आमच्या मंडणगड तालुक्यातले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि त्याशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ साली मांडली. मजूर आणि वीज हे प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत.

म्हणून विचारले पाहिजे, प्लाझ्माला वीज कोठली? ती कोळशाची असेल तर येथे वाचवलेला कार्बन तेथे धुरांड्यातून बाहेर पडणार. शिवाय या क्रियेत हायड्रोजनइतकाच विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो जाळला की पुन्हा कार्बन डायऑक्साइडच!

हरित हायड्रोजनसाठी केंद्राने २०२३ साली १९,७४४ कोटींचे अभियान आणि राज्याने ८,५६२ कोटींचे धोरण मंजूर केले. उद्या डेपोतील वायूला भाव आला तर मालक कोण? हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ व २१ खालील हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले आहे. या आधारावर कार्यकर्त्यांनी आताच मागणी केली पाहिजे. आधी यंत्राने सफाई, मग वायूचा प्रकल्प. आणि त्या प्रकल्पात कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना काम व नफ्याचा वाटा. करार झाल्यावर मोर्चा काढून काय उपयोग?