भाडोत्री तज्ज्ञ आणि ग्राहकाचा हिशेब

गावात पिठाची एकच गिरणी आहे आणि दळणाचा दर चढा आहे. तो चढा आहे हे सिद्ध कसं करणार? शेजारच्या गावात दोन गिरण्या असतील तर तिथला दर दाखवता येईल. सॉफ्टवेअरच्या मक्तेदारीला मात्र शेजारचं गावच नसतं. इंटेल धाटणीच्या संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा वाटा ९५ टक्क्यांच्या वर होता. मग तुलना कशाशी करायची?

म्हणून अमेरिकेत ग्राहकांच्या सामूहिक दाव्यांत अर्थतज्ज्ञ उभे राहतात. मक्तेदारी नसती तर किंमत किती असती, हा आकडा त्यांनी काढायचा. ग्राहकाला विंडोज मिळायचं ते बहुधा नव्या संगणकासोबत. अशा अप्रत्यक्ष ग्राहकाला संघराज्याच्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये ठरवलं. कॅलिफोर्निया, आयोवा अशा राज्यांच्या कायद्यांत ती वाट खुली राहिली. पण जादा पैशातले किती शेवटी ग्राहकाच्या खिशातून गेले, हेही तज्ज्ञानंच दाखवायचं.

उर्दूत साक्षीला गवाही म्हणतात. गवाही म्हणजे पाहिलेलं सांगणं. हा साक्षीदार मात्र जे घडलंच नाही त्याचा हिशेब सांगतो, आणि त्याची फी एक पक्ष भरतो. माझा आक्षेप इथं आहे.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी खटल्यात कंपनीच्या बाजूनं एमआयटीचे रिचर्ड श्मालेन्सी उभे राहिले. खरी मक्तेदारी असती तर कंपनीनं विंडोजची किंमत कित्येक पट ठेवली असती, सबब मक्तेदारी नाही, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे अजून पुरतं लुटलेलं नाही, हाच निर्दोषपणाचा पुरावा! न्यायाधीश जॅक्सन यांनी १९९९ च्या निष्कर्षांत कंपनीचाच नोव्हेंबर १९९७ चा अभ्यास नोंदवला. विंडोज ९८ च्या अपग्रेडला ४९ डॉलर लावता आले असते. जास्तीत जास्त महसूल ८९ डॉलरला मिळणार होता, म्हणून ८९ लावले. हे कुणा भाडोत्री तज्ज्ञानं नाही, कंपनीच्या कागदानं सांगितलं.

मग तज्ज्ञांना हाकलून द्यायचं का? मुळीच नाही. एकेका ग्राहकाचं नुकसान काही डॉलरांचं. त्यात वकिलाची फीही निघत नाही. लाखोंचा हिशेब एकत्र मांडणारा कुणी नसेल तर कंपनीच जिंकणार. पण आधी कंपनीचे कागद, मग तज्ज्ञाचं गणित, असा क्रम हवा. आणि ते गणित लोकांना तपासता यायला हवं.

ते तपासलं जाण्याआधीच बहुतेक वेळा तडजोड होते. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये १.१ अब्ज डॉलरपर्यंतची झाली, तीही व्हाउचरच्या रूपात. आयोवात ज्यूरीसमोर खटला सुरू होता, तो फेब्रुवारी २००७ मध्ये मिटला. कोणाचा आकडा खरा, हे ज्यूरीनं सांगितलंच नाही. एका प्रस्तावात तर कंपनी गरीब शाळांना स्वतःचंच सॉफ्टवेअर देणार होती. मी शिक्षक आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची मुलांना कशी सवय लागते ते रोज बघतो. न्यायाधीश मॉट्झ यांनी २००२ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला, हे फार बरं झालं.

आता आपल्याकडे या. २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. दंड सरकारजमा होतो, मोबाइल वापरणाऱ्याच्या हाती काही येत नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम ५३-एन मध्ये भरपाई मागण्याची सोय आहे. पण तुमचं-माझं नुकसान किती, हे मोजून देणारा अर्थतज्ज्ञ कुठून आणायचा? कंपन्यांना तो विकत घेता येतो. आपल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचे विभाग आहेत, शहरोशहरी ग्राहक पंचायती आहेत. त्यांनी एकत्र बसून हे काम अंगावर घ्यावं. तोवर कायद्यातलं कलम कायद्यातच राहील.