पतंगाचे नाव बदलले, वस्तीचे कधी?

दिव्यावर येणारे पतंग आपण नेहमी पाहतो. युरोपातील अशाच एका पतंगाचे नर-मादी इतके वेगळे, की दोन निराळे पतंगच वाटावेत. नर तपकिरी, मादी पांढरट आणि जड. पंख असूनही ती उडत नाही. तिच्या वासावर नरच शोधत येतो. त्याच्या शास्त्रीय नावात ‘डिस्पार’, म्हणजे ‘असमान’, हा लॅटिन शब्द आहे.

याच्या अळ्या झाडांची पाने फस्त करतात. आणि इंग्रजीत त्याला नाव पडले ‘जिप्सी मॉथ’! जिप्सी हा युरोपातील रोमा लोकांना हिणवण्याचा शब्द. त्यांचे पूर्वज भारतातून गेलेले. हिटलरच्या राजवटीत त्यांची मोठी कत्तल झाली. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२१ साली हे नाव काढून टाकले. २०२२ साली नवे नाव दिले ‘स्पंजी मॉथ’, कारण त्याच्या अंड्यांचा पुंजका स्पंजासारखा दिसतो.

नावातला अपमान आम्हाला कोणी शिकवायला नको. महाराष्ट्र शासनाने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीच्या पाटीवर अजून जुनेच नाव असेल, तर सर्वांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज द्या. किड्याचे नाव बदलते, मग माणसांच्या वस्तीचे का बदलू नये?