आमरीची पाने आणि आतड्यांचे आरोग्य

मराठीत ऑर्किडला आमरी असे सुरेख नाव आहे. नावातच मोह असलेल्या आपल्या मोहगावातील वाचकांना, झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या अशा वनस्पतींचे अप्रूप नाही. मध्य भारतात आंब्या-मोहावर वाढणाऱ्या एका आमरीची मुळे रास्ना म्हणून औषधात वापरली जातात. तिचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. (आयुर्वेदिक औषधिकोशाने रास्ना म्हणून स्वीकारलेली वनस्पती मात्र निराळीच आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) आमरीला बांडगूळ समजण्याची चूक अनेक जण करतात. बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी केवळ आधार घेते.

अलीकडे या कुळाची चर्चा होते ती निराळ्या कारणाने. चीनमध्ये डेंड्रोबियम ऑफिसिनाले या आमरीचे खोड पूर्वापार औषधी मानले जाते. आता तिच्या एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या पानांतील बहुशर्करांचाही अभ्यास होत आहे. ग्लुकोज व मॅनोज यांच्या या लांब साखळ्या तोडणारी विकरे माणसाच्या आतड्यात नाहीत. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्यांना आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन होय.

इथवर शास्त्र पक्के आहे. पुढची पायरी कच्ची आहे. पानांवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे किंवा परीक्षानळीतले आहेत. उंदराच्या आतड्यातील सूज उतरली म्हणून आपल्या रुग्णाची उतरेल, असे मी तरी लिहून देणार नाही. शिवाय चिनी आमरीच्या पानात जे आढळले ते आपल्या रास्नेच्या पानात असेलच, हेही गृहीत धरता येत नाही.

माझी खरी चिंता झाडाची आहे. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या बारीक. बीजात अन्नसाठा नाही. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते. हिमालयातील सालमपंजा कंदांसाठी कसा ओरबाडला गेला, हे आपल्यासमोर आहे. म्हणूनच आमरीचे संपूर्ण कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या परिशिष्टांत आहे. पानांना बाजारभाव आला तर कोणी पाने मोजून तोडणार नाही. झुबकाच खाली येईल. ज्यांना संशोधन करायचे आहे त्यांनी लागवडीची पाने वापरावीत. 1922 मध्येच लुईस नडसन यांनी बुरशीविना, साखरयुक्त माध्यमावर आमरीचे बी रुजवून दाखविले होते.

आणि रुग्णासाठी एवढ्या दूर जावेच का? मेथीत गॅलॅक्टोमॅनन आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मधुमेहात तिचा अभ्यास केला, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. इसबगोल तर आपल्याच प्रदेशात नीमच-मंदसौरच्या मंडीत येतो. आणि पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याचे काय? फोडींवरचा पांढरा पापुद्रा आपण मोठ्या निगुतीने सोलून फेकतो. पेक्टिन नेमके त्यातच. रस काढून गाळून पिणारा तर तंतू गाळण्यातच ठेवतो. ज्वारीच्या भाकरीची जागा मैद्याने घेतली तेव्हा आतड्यातील जिवाणूंचे काय झाले, यावर एखाद्या पोटविकारतज्ज्ञाने आपल्याकडे सविस्तर बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

अर्थात तंतूही सरसकट देण्याची वस्तू नव्हे. इसबगोल पुरेशा पाण्याविना घेतल्यास अन्नमार्गात अडकू शकतो. थायरॉक्सिनच्या गोळीबरोबर तो घेतला तर गोळीचे शोषण घटू शकते. दोहोंत काही तासांचे अंतर हवे. आतडी हळवी असणाऱ्यांना लवकर आंबणाऱ्या तंतूंनी पोटफुगी वाढते. शौचातून रक्त, घटते वजन किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला बदल, अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या माणसाला, चूर्ण पानांचे असो वा कोंड्याचे, त्याची पुडी देण्याआधी तपासणीला पाठवावे. चूर्णाने महिनाभर बरे वाटले म्हणून तो परत आलाच नाही, तर तो महिना फार महागात पडू शकतो.